दोघी हव्यात : मुलींच्या कॉलेज टेनिस संघाची गोष्ट

(वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांचा मला फोन आला, ‘मॅडम, यंदा कशावर बोलणार?’ मी म्हटलं, टेनिसवर. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते अदबीने म्हणाले, ‘नाही म्हणजे, तत्त्वज्ञानातला एखादा विषय घेतला असता तर...’ त्यांचंही बरोबरच आहे. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. पंच्याहत्तरीला आलेली बाई वाशीममध्ये उभी राहून टेनिसवर बोलणार म्हटल्यावर कोणालाही वाटेल, बाईंचं काहीतरी बिनसलं. पण तासाभराने तुम्हीच ठरवा, हा विषय तत्त्वज्ञानाचा आहे की नाही.

विषय नेमका सांगते. टेनिस या खेळाचा इतिहास मला सांगायचा नाही. कॉलेजच्या मुलींचा टेनिसचा संघ ही जी एक साधी गोष्ट आहे, ती कशी घडली, कोणी अडवली आणि ती का महत्त्वाची आहे, एवढंच मला सांगायचं आहे. आणि याची सुरुवात मला माझ्यापासूनच करावी लागेल, कारण या गोष्टीत मी एक चूक केलेली आहे.

१९६८ साली मी मॅट्रिक होऊन वाशीमहून अमरावतीला शिकायला गेले. कॉलेजचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि अमरावतीला विद्यापीठ नव्हतं. आमची सगळी कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली. मुलींसाठी खेळ म्हणजे खो-खो, कबड्डी आणि टेनिक्वाइट. आजच्या मुलांना टेनिक्वाइट माहीत नसेल. जाळीच्या दोन बाजूंना उभं राहून रबराची रिंग एकमेकींकडे फेकायची आणि जमिनीला टेकू न देता झेलायची. आम्ही त्याला नुसतं ‘रिंग’ म्हणायचो. मी रिंग बरी खेळायचे.

टेनिसचं कोर्ट कॉलेजात एकच होतं. मुलांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ते मुलांचंच होतं. १९७० साली आमच्या वर्गात नागपूरची एक मुलगी आली. डॉक्टरांची मुलगी. वडिलांनी तिला लहानपणापासून टेनिस शिकवलं होतं. तिच्याकडे स्वतःची लाकडी रॅकेट होती आणि ती वाकडी होऊ नये म्हणून चार स्क्रूंची लाकडी चौकट. रात्री ती चौकट रॅकेटला घालून स्क्रू पिळून ठेवायची, हे मी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. तिला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळायचं होतं. पण कॉलेजचा संघ पाठवायचा तर निदान दोघी हव्यात. एकटीचा संघ होत नाही.

आमच्या पी.टी.च्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, ‘तुझी रिंगवर नजर चांगली आहे, तुला बॉलही दिसेल.’ पुढचे दोन महिने आम्ही दोघी सकाळी सहा ते सात, मुलं यायच्या आत, त्या कोर्टवर खेळलो. टक्कल पडलेले जुने बॉल, बाईंची रॅकेट. माझा बॅकहँड कधीच जमला नाही, पण बॉल परत टाकायला मी शिकले. आणि खरं सांगते, त्या एका तासाइतकी मोकळी मी त्याआधी कधी नव्हते.

मग एक दिवस मुलांना कळलं. ते भिंतीवर येऊन बसायला लागले. कोणी दगड मारला नाही, अपशब्द बोललं नाही. फक्त हसायचे. मी पडले की हसायचे, ओढणी सावरली की हसायचे. मी घरी पत्र लिहिलं. वडील शाळामास्तर. त्यांनी कार्डावर लिहिलं, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ सुट्टीत घरी गेले तेव्हा आई एवढंच म्हणाली, ‘काहून वं, लोक हसतात म्हणे?’ म्हणजे बघा, मला कोणीही अडवलेलं नव्हतं. आणि नागपूरला निघायच्या दोन दिवस आधी मी बाईंना सांगितलं की मला ताप आहे.

ताप नव्हता.

संघाचं नाव कमी झालं. त्या मुलीने मला एका शब्दानेही विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. विद्यापीठाकडून ती कधीच खेळली नाही. माझ्यामुळे.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितली नव्हती. नंतर मी प्लेटो शिकवायला लागले. ‘रिपब्लिक’चं पाचवं पुस्तक वर्गात शिकवताना दर वर्षी मी एका जागी अडखळायचे. तिथे सॉक्रेटिस म्हणतो की राज्याचं रक्षण स्त्रियांनीही करायचं असेल, तर त्यांना शिक्षणही पुरुषांसारखंच द्यायला हवं, संगीताचंही आणि व्यायामाचंही. आणि लगेच त्याला आठवतं की लोक हसतील. आखाड्यात पुरुषांबरोबर व्यायाम करणाऱ्या स्त्रिया, त्यातही म्हाताऱ्या स्त्रिया पाहून लोक हसणारच. मग तो सांगतो, काही काळापूर्वी पुरुषांनी उघड्या अंगाने व्यायाम करणं हेसुद्धा ग्रीकांना हास्यास्पदच वाटत होतं. सवय झाली, फायदा दिसला, हसणं थांबलं. तेव्हा हसू येणं हा एखादी गोष्ट वाईट असल्याचा पुरावा होत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात माझ्या त्या भिंतीवरच्या मुलांचा प्रश्न सोडवून ठेवलेला होता. मी वाचला फक्त उशिरा.

आता इतिहासाकडे वळू.

लॉन टेनिस हा खेळ तसा तरुण आहे. मेजर विंगफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली त्याचं पेटंट घेतलं. १८७७ला विंबल्डनची स्पर्धा सुरू झाली, फक्त पुरुषांसाठी. १८८४ला त्यात स्त्रिया आल्या. म्हणजे अवघ्या सात वर्षांत. इतर खेळांच्या मानाने ही फारच लवकर झालेली गोष्ट आहे. त्याचं कारण सरळ आहे : हा खेळ बंगल्याच्या हिरवळीवर, चहाच्या टेबलाशेजारी खेळला जायचा. घरातल्या बायका तिथे आधीच होत्या. पण त्यामुळेच या खेळाला एक अट चिकटली : ज्याच्या घरी हिरवळ, त्याच्या घरच्या मुलीला टेनिस.

हिंदुस्थानात तो इंग्रज अंमलदारांबरोबर आला. आपलं वाशीम त्या काळी ‘बासिम’ नावाने जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि थेट १ जुलै १९९८ला आपल्याला परत मिळाला. जिल्ह्याचं ठिकाण म्हटलं की साहेब, आणि साहेब आले की त्यांचा क्लब, हे त्या काळचं समीकरण. मग आपल्या लोकांनी स्वतःच्या जागा काढल्या. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला, तो याच ईर्ष्येतून. पण जिमखाना झाला तरी सभासदत्व लागतं, वर्गणी लागते, आणि मुलीला तिथे घेऊन जाणारा बाप लागतो.

आपल्या मराठी मुलखातलं या काळातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे एक मायलेक. पंडिता क्षमा राव आणि लीला राव. क्षमाबाईंचा जन्म १८९०चा, पुण्यातला. वडील शंकर पांडुरंग पंडित हे संस्कृतचे मोठे विद्वान, ते क्षमाबाई अगदी लहान असतानाच गेले. पुढे मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी लग्न झालं. क्षमाबाई संस्कृतात काव्यं लिहीत. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, ती १९३२ साली पॅरिसला छापली गेली. आणि याच क्षमाबाई टेनिसच्या स्पर्धाही खेळायच्या. आपल्याकडे पंडिता म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पोथी, चष्मा. रॅकेट येत नाही.

इथे वाशीमकर म्हणून एक सांगायला हवं. आपलं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितलंय की काव्यपुरुष देशभर भटकत निघाला, त्याच्यामागे साहित्यविद्यावधू निघाली, आणि शेवटी त्यांचं लग्न लागलं ते वत्सगुल्मात. म्हणजे आपल्याकडे साहित्यविद्या बसून राहिली नव्हती, तीही पायपीट करतच आली होती. क्षमाबाई याच घराण्यातल्या म्हणायच्या.

त्यांची मुलगी लीला, जन्म १९११चा. १९३४ साली विंबल्डनला तिने पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज खेळाडूला हरवलं. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत ती इडा अ‍ॅडमॉफ या फ्रेंच खेळाडूकडून हरली. पुढे हीच लीला राव-दयाल आईच्या कथांवर संस्कृत नाटकं लिहिणारी लेखिका झाली.

आता मला या मायलेकींबद्दल अतिशय आदर आहे. पण इतिहासाला एक प्रश्न विचारावा लागतो. लीला रावांना टेनिस कसं मिळालं? आई खेळणारी होती, वडील डॉक्टर होते, घर मुंबईत होतं, युरोपला जाता येत होतं. वारशाने मिळालं. वारसा चांगलाच असतो, पण ज्या घरात तो नाही त्या घरातल्या मुलीने काय करायचं? माझ्या वर्गातल्या त्या नागपूरच्या मुलीला टेनिस वारशानेच मिळालं होतं. मला मिळालं ते पी.टी.च्या बाईंमुळे. म्हणजे कॉलेजमुळे. हा फरक ध्यानात ठेवा, कारण आता आपण अमेरिकेला चाललोय. मुलींचा कॉलेज संघ ही गोष्ट सर्वांत जास्त वाढली ती तिथे, आणि सर्वांत जास्त भांडणंही तिथेच झाली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलींची स्वतंत्र कॉलेजं निघाली : व्हॅसर, स्मिथ, ब्रिन मॉर. या कॉलेजांत टेनिस लवकर आलं. मुली आपसात खेळायच्या. १८९०च्या दशकात ब्रिन मॉर आणि व्हॅसर या दोन कॉलेजांच्या मुलींचा टेनिसचा सामना ठरला. तो झाला नाही. व्हॅसरच्या प्राध्यापकांनी आपल्या मुलींना परवानगी नाकारली. आपसात खेळा, पण दुसऱ्या कॉलेजाशी सामना नको. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा तो खोटा ताप आठवला. एका कॉलेजने ‘नाही’ म्हटलं की दुसऱ्या कॉलेजच्या मुलींचाही सामना बुडतो.

बरं, नको म्हणणारे सगळे पुरुष होते का? नाही. आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. १९२०नंतर मुलींच्या स्पर्धांना सर्वांत मोठा विरोध केला तो मुलींच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांनीच. १९२३ साली त्यांची राष्ट्रीय पातळीवर संघटना झाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हूव्हर यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर तिच्या प्रमुख होत्या. या बायका मूर्ख नव्हत्या, जुनाट विचारांच्याही नव्हत्या. त्यांनी मुलांच्या फुटबॉलचं काय झालंय ते बघितलं होतं. तिकीटविक्री, पैशांचे व्यवहार, जायबंदी होणारी मुलं, अभ्यासाचा खेळखंडोबा. त्यांना वाटलं, आपल्या मुलींचं हे होऊ देऊ नये. मूठभर मुली चमकण्यापेक्षा सगळ्या मुली खेळाव्यात.

विचार चांगला आहे की नाही? मलाही तो चांगलाच वाटतो. मग त्यांनी एक युक्ती काढली, ‘प्ले डे’. तीन-चार कॉलेजांच्या मुली एके ठिकाणी जमायच्या आणि त्यांची सरमिसळ करून संघ पाडायचे. म्हणजे एका संघात दोन मुली या कॉलेजच्या, तीन त्या कॉलेजच्या. कोणतंच कॉलेज जिंकत नाही, कोणतंच हरत नाही. खेळ झाला की चहा-बिस्किटं. किती तरी वर्षं अमेरिकेतल्या मुलींना कॉलेजच्या नावाने खेळायला मिळालं ते असं. म्हणजे मिळालंच नाही.

नीतिशास्त्रात आम्ही शिकवतो की दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर बंधन दोन प्रकारे येतं. एक बंधन द्वेषातून किंवा तुच्छतेतून येतं. भिंतीवरची मुलं त्यातली. दुसरं बंधन काळजीतून येतं. पहिलं ओळखू येतं, त्याच्याशी भांडता येतं. दुसऱ्याशी भांडायला गेलं तर आपणच कृतघ्न ठरतो. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय’ या वाक्याला उत्तर काय देणार? जॉन स्टुअर्ट मिलने १८६९च्या आपल्या स्त्रियांच्या दास्यावरच्या पुस्तकात याचं मूळ सांगून ठेवलंय. त्याचा मुद्दा असा की स्त्रियांचा स्वभाव काय, त्यांना काय झेपतं, हे कोणालाच माहीत नाही, कारण त्यांना मोकळं सोडून कोणी बघितलेलंच नाही. प्ले डे भरवणाऱ्या शिक्षिकांनी मुलींना काय झेपत नाही हे आधी ठरवलं आणि मग ते कधी तपासायची वेळच येऊ दिली नाही.

१९६१ साल घ्या. सतरा वर्षांची बिली जीन मॉफिट, म्हणजे पुढची बिली जीन किंग, विंबल्डनला दुहेरीचं विजेतेपद जिंकते आणि त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या सरकारी कॉलेजात दाखल होते. विंबल्डनची विजेती. पण तिला शिष्यवृत्ती नाही. ती कामं करून शिकली. आणि त्याच शहरात, त्याच दशकात, आर्थर अ‍ॅश आणि नंतर स्टॅन स्मिथ टेनिसच्या शिष्यवृत्तीवर विद्यापीठात शिकत होते. अ‍ॅशलाही गोऱ्या समाजात काय कमी सोसावं लागलं असं नाही. पण कॉलेजच्या टेनिसमध्ये त्याला जे दार उघडलं, ते बिली जीनला बंद होतं. मुलींना टेनिसची शिष्यवृत्ती देण्याची पद्धतच जवळपास नव्हती.

मग २३ जून १९७२ला अमेरिकेत एक कायदा झाला. ‘टायटल नाइन’. मूळ इंग्रजीत तो ३७ शब्दांचा आहे. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून कोणाला वगळता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. पण कॉलेजचं मैदान हाही शिक्षणाचाच भाग, असा त्याचा अर्थ लागला आणि सगळं बदललं. त्या वर्षी अमेरिकेतल्या हायस्कुलांच्या संघांत खेळणाऱ्या मुली सुमारे तीन लाख होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत.

पण कायदा झाला म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं नाही. आणि पुढची गोष्ट थेट टेनिस संघाचीच आहे. मुलींच्या कॉलेज स्पर्धा भरवणारी एक राष्ट्रीय संघटना तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तीही स्त्रियांनीच चालवलेली. तिचा नियम असा की खेळासाठी शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला आमच्या स्पर्धेत खेळता येणार नाही. हेतू पुन्हा तोच : पुरुषांच्या खेळातला पैशांचा रोग इकडे नको. फ्लोरिडात मेरीमाउंट नावाचं, मुलींसाठी म्हणून सुरू झालेलं एक छोटं कॉलेज होतं. तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रमुख होत्या फर्न ली केलमायर, सगळे त्यांना ‘पीची’ म्हणायचे. त्यांच्या टेनिस खेळाडूंना शिष्यवृत्ती होती, म्हणून त्यांना स्पर्धा बंद. मुलांना शिष्यवृत्ती घेऊन खेळता येतं, मग मुलींना का नाही? १९७३ साली केलमायर आणि खेळाडू कोर्टात गेल्या. आपलं टेनिसचं कोर्ट नव्हे, खरं कोर्ट. खटला पुढे चालवावा लागला नाही. संघटनेने त्याच वर्षी नियम बदलला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला बिली जीन किंगने बॉबी रिग्जला हरवलं. तो सामना सगळ्या जगाला माहीत आहे, त्यावर सिनेमाही निघाला. केलमायर खटला फार थोड्यांना माहीत असतो. माझ्या मते कॉलेजमधल्या मुलींसाठी तो जास्त मोलाचा होता.

१९८२पासून पुरुषांच्या स्पर्धा घेणाऱ्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेने मुलींच्या कॉलेज टेनिसची अजिंक्यपदं भरवायला सुरुवात केली आणि ती बायकांची संघटना बंद पडली. इथे मी पहिल्या पिढीतल्या त्या शिक्षिकांच्या बाजूनेही एक वाक्य बोलते. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. १९७२ साली अमेरिकेत मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षक नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. आज त्या निम्म्यापेक्षाही कमी आहेत. पैसा आला, मान आला, तशी पुरुष मंडळीही आली. दार उघडलं की आत कोण कोण येतं, यावरही लक्ष ठेवावं लागतं.

आता या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? तर तो श्रीरामपूरमार्गे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर, उसाचा पट्टा. तिथे १९९६ साली ऋतुजा भोसले जन्मली. वडील पोलीस खात्यात. ना घरात विंबल्डनचा वारसा, ना संस्कृत महाकाव्याचा. ही मुलगी ज्युनिअर टेनिस खेळत वर आली आणि २०१४ साली अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. २०१७पर्यंत ती तिथल्या मुलींच्या संघातून खेळली. बिली जीनला जे १९६१मध्ये मिळालं नाही, ते पन्नासेक वर्षांनी मराठी पोलिसाच्या मुलीसाठी अमेरिकेत तयार होतं. त्या काळात तिथल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना मुलींच्या टेनिस संघात आठ जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता यायची. मुलांच्या संघाला मिळून साडेचारच. मुलांचा बराचसा वाटा फुटबॉल खात असल्यामुळे हिशेब जुळवायला केलेली ती सोय होती.

तिथला कॉलेज सामना कसा असतो ते ऐका, मला ते फार आवडतं. आधी दुहेरीचे तीन सामने, एकेका सेटचे. त्यातले दोन जिंकले की संघाला एक गुण. मग सहा मुली सहा कोर्टांवर एकाच वेळी एकेरी खेळतात, प्रत्येकीच्या विजयाला एक गुण. एकूण सात. ज्यांचे चार आधी होतील तो संघ जिंकला. विंबल्डनला कोणी शिंकलं तरी लोक वळून बघतात. इथे शेजारच्या कोर्टवरून मैत्रीण ओरडत असते, बाहेर बसलेल्या टाळ्या पिटत असतात. आणि संघाचे चार गुण झाले की बहुतेक वेळा उरलेले सामने तिथेच थांबवतात. तुम्ही तिसऱ्या सेटमध्ये पुढे असाल, जिंकायला दोन गेम उरले असतील, तरी रॅकेट खाली ठेवायची आणि मैत्रिणींकडे धावत जायचं. तुमचा सामना अपूर्ण राहतो, पण त्याचं काम झालेलं असतं. तुम्ही तिकडे एकीला गुंतवून ठेवलंत, हा तुमचा वाटा.

टेनिस हा एकटीचा खेळ. पण कॉलेजचा संघ त्याला सगळ्यांचा करतो. सहाव्या क्रमांकाच्या मुलीचा गुण आणि पहिल्या क्रमांकाच्या मुलीचा गुण, किंमत सारखीच. घराण्याच्या वारशातून एक लीला राव येते, तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण सहाव्या क्रमांकाची मुलगी वारशातून कधी येत नाही. ती संस्थेतूनच येते.

ऋतुजा परत आली. २०२० साली भारताचा महिला संघ फेड कपमध्ये पहिल्यांदाच जागतिक गटाच्या प्ले-ऑफपर्यंत पोचला, त्या संघात ती होती. आणि ३० सप्टेंबर २०२३ला चीनमधल्या हांगझोऊला एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. पहिला सेट २-६ असा गेला होता. मग ६-३, आणि शेवटचा टायब्रेक १०-४. टीव्हीवर तो निकाल ऐकताना मी घरात एकटी होते आणि मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेला कोण जाणार मॅडम? बरोबर आहे. आपल्याकडेही विद्यापीठांचं टेनिस आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत, त्यात मुलींचे संघ आहेत. २०२५च्या जुलैमध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात पुण्याच्या वैष्णवी आडकरने महिला एकेरीत कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धांत भारताला टेनिसचं पदक याआधी मिळालं होतं ते १९७९ साली, नंदन बाळ यांचं रौप्य, तेही पुण्याचेच. मधे ४६ वर्षं गेली. आणि टेनिसमध्ये भारतीय मुलीचं तर ते पहिलंच पदक.

पुणे हे पुणे आहे, वाशीम हे वाशीम. पण १९८३पासून आपल्याला अमरावती विद्यापीठ आहे. आणि अमरावतीत १९१४पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्यांचं पथक १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. शरीर कमावण्याची परंपरा वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. आपल्या मुली कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, त्यातून शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची वाट बघतात, त्यात काहीच गैर नाही. मी कबड्डी सोडून टेनिस खेळा असं सांगायला आलेली नाही. खेळ कोणताही असो, माझा मुद्दा कॉलेजच्या संघाचा आहे. घरात कोणी खेळणारं नसलेल्या मुलीला खेळाचं दार कॉलेजातूनच उघडतं. इथे बरेच प्राध्यापक आणि एक-दोन संस्थाचालक बसले आहेत. वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या स्पर्धांची यादी येते. त्यात मुलींच्या संघापुढे ‘निरंक’ लिहून आपण किती सहज सही करतो, तेवढं एकदा बघा. सकाळी सहा ते सात मैदानाची किल्ली मुलींकडे द्यायला पैसे लागत नाहीत. पी.टी.च्या एका बाई लागतात.

आणि मुलींनो, तुम्हाला दोन गोष्टी सांगते. हसणारे हसतील. प्लेटोच्या काळीही हसत होते. हसणं थांबल्यावर खेळू असं म्हणाल तर ते कधीच थांबणार नाही, कारण ते तुम्हाला खेळताना बघूनच थांबतं. दुसरं असं की, मी जेव्हा खोटा ताप काढला, तेव्हा मला वाटलं की मी फक्त माझ्यापुरता निर्णय घेतेय. माझी इच्छा, माझी भीती, माझा प्रश्न. व्यक्तिस्वातंत्र्याचं पुस्तक उघडलं तर त्यात मला दोष देता येणार नाही. पण माझ्या ‘नाही’ने दुसऱ्या एका मुलीचं खेळणं संपलं. जी दुसरी असते तिला वाटतं, आपण काय, भरतीला आहोत. तसं नसतं. पहिलीचं सगळं कौशल्य दुसरीच्या ‘हो’वर उभं असतं.

ती कुठे आहे मला माहीत नाही. कदाचित तिच्या नातवंडांना टेनिस शिकवत असेल, कदाचित विसरूनही गेली असेल. मी विसरले नाही. आज या सभागृहात कोणा मुलीला कोणी विचारायला आलं की ‘संघ करायचाय, एक कमी पडतेय, येतेस का?’, तर तिने बॅकहँड जमतो की नाही याचा विचार करू नये. तो मलाही जमत नव्हता. आधी हो म्हणावं.